दूरचे दिसण्यासाठी खिशातली दुर्बीण : कोणती घ्यावी, कोणती घेऊ नये

मुलाला फळा दिसत नाही ही गोष्ट घरात सर्वांत शेवटी कळते. आधी ते शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेऊ लागते. मग बाई त्याला पहिल्या बाकावर बसवतात. तरीही ते मागे पडत जाते आणि ‘याचे डोके चालत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. आठवी-नववीत शाळा सुटते. मुलगी असेल तर त्याहून लवकर सुटते आणि चार माणसे म्हणतात, तिचे अभ्यासात लक्षच नव्हते. लक्ष होते. फळा दिसत नव्हता.

अशा पुष्कळ मुलांचे काम साध्या चष्म्याने भागते, आणि त्यांना तो वेळेवर मिळत नाही ही वेगळी लाजिरवाणी गोष्ट आहे. पण काही मुले आणि काही मोठी माणसेही अशी असतात की योग्य नंबरचा चष्मा लावूनही दूरचे धूसरच राहते. बिघाड डोळ्याच्या आतल्या पडद्यात किंवा नसेत असतो आणि तिथे चष्म्याची काच काही करू शकत नाही. ही माणसे आंधळी नाहीत. ती घरात वावरतात, ताटातले अन्न त्यांना दिसते, माणूस जवळ आला की ती ओळखतात. पण येणाऱ्या बसचा क्रमांक, फलाटावरचा इंडिकेटर, सरकारी कचेरीतल्या खिडकीवरची पाटी, सभेत व्यासपीठावर कोण बोलते आहे, हे त्यांना दिसत नाही. प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारावे लागते. रोज दहा वेळा विचारून माणूस कंटाळतो आणि मग घराबाहेर पडणेच कमी करतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा दृष्टीची स्वतंत्र नोंद आहे. चांगल्या डोळ्याची नजर, चष्मा लावूनही, ६/१८ पेक्षा पुढे जात नाही पण ३/६० पर्यंत शिल्लक आहे, अशा स्थितीला कायदा ‘अल्पदृष्टी’ म्हणतो. नजर समोर बरी असली तरी तिचा आवाका ४० अंशांपेक्षा कमी होऊन १० अंशांपर्यंत आखडला असेल, तर तीही अल्पदृष्टीच. म्हणजे आंधळेपण आणि डोळसपण यांच्या मधली ही मोठी पट्टी आहे. आपल्याकडे मात्र ‘दिसते’ किंवा ‘दिसत नाही’ एवढे दोनच कप्पे मानण्याची सवय आहे. मधल्या माणसाला आंधळ्याची काठीही कोणी देत नाही आणि डोळसाची पाटीही त्याला वाचता येत नाही.

या मधल्या माणसांच्या उपयोगाचे एक छोटे साधन आहे. त्याला मोनोक्युलर म्हणतात, म्हणजे एका डोळ्याने पाहायची दुर्बीण. दुर्बीण म्हटले की लष्करी जवानाच्या गळ्यातली दोन नळ्यांची दुर्बीण डोळ्यांपुढे येते. ही तशी नाही. अंगठ्याहून थोडी जाड, बोटाएवढी लांब अशी ही नळी सदऱ्याच्या खिशात मावते किंवा दोरीने गळ्यात अडकवता येते. ती डोळा बरा करत नाही, चष्म्याचा नंबरही उतरवत नाही. चार पट मोठे दाखवणाऱ्या नळीतून आठ मीटरवरची पाटी दोन मीटरवर असल्यासारखी दिसते. पडद्याच्या शाबूत भागावर मोठी आकृती पडते आणि मेंदूला अक्षरे जुळवता येतात. तिचा सगळा कारभार एवढाच. पण फळा आणि बसचा क्रमांक यांच्यासाठी तेवढा पुष्कळ असतो.

आधी डॉक्टर, मग दुकान

हा लेख वाचून थेट दुर्बीण विकत घ्यायला निघू नये. आधी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी झालीच पाहिजे. मोतीबिंदू असेल तर त्यावर शस्त्रक्रिया आहे आणि ती हजारो ठिकाणी होते. मधुमेहाने पडद्यावर परिणाम केला असेल तर साखर ताब्यात ठेवणे आणि पडद्यावर वेळीच उपचार घेणे हे पहिले काम. काचबिंदू तर गुपचूप नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. अशा आजारांकडे दुर्लक्ष करून नळी लावणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवून समाधान मानणे.

उपचार करून झाले, चष्माही योग्य आहे आणि तरी कमी दिसते, असे ठरल्यावर दुर्बिणीचा विचार करावा. तिचा चांगला उपयोग कोणाला होतो? ज्यांच्या पडद्याचा मधला भाग बिघडला आहे पण कडेची नजर बरी आहे, त्यांना. म्हातारपणी पडद्याचा मध्यभाग झिजलेली माणसे, लहानपणापासून फार मोठा उणे नंबर असल्याने पडदा ताणला गेलेली माणसे यांत येतात. जन्मतः अंगात रंगद्रव्य नसलेली, केस आणि कातडी पांढरीफटक असलेली मुलेही यांत येतात. या मुलांबद्दल खेड्यापाड्यांत नाही नाही ते बोलले जाते. त्यांच्या डोळ्यांना ऊन सोसत नाही, दूरचे दिसत नाही आणि बुबुळे सारखी हलत राहतात. हा जन्मजात शारीरिक दोष आहे, कोणाच्या कर्माचे फळ नव्हे. अशा मुलाला टोपी, काळा चष्मा आणि शाळेसाठी एक नळी एवढे मिळाले तर ते इतरांच्या बरोबरीने शिकते. बुबुळे हलणारी मुले मान एका विशिष्ट कोनात वाकडी करून पाहतात, कारण त्या स्थितीत हलणे कमी होते. नळीतून पाहतानाही ती मान तशीच करतील. ‘मान सरळ ठेव’ असे त्यांना दरडावू नये.

उलट ज्यांची नजर बोगद्यातून पाहिल्यासारखी आखडली आहे, त्यांनी सावध राहावे. रातांधळेपणापासून सुरू होऊन कडेची नजर नाहीशी करणारा आजार किंवा पुढे गेलेला काचबिंदू यांत असे होते. दुर्बीण वस्तू मोठी करते, पण दिसणारा आवाका लहान करते. आधीच अरुंद असलेल्या नजरेत ती आणखी अडचण करते. त्यांच्यापैकी काहींना कमी ताकदीची नळी पाटी वाचण्यापुरती चालते, पण ते तपासूनच ठरवावे.

नळीवरचे दोन आकडे

नळीवर ४×१२, ६×१६, ८×२० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. बहुतेक गिऱ्हाईक पहिला आकडा पाहून सर्वांत मोठा मागतात, दुकानदारही आनंदाने तोच देतो, आणि महिन्याभरात ती नळी कपाटात जाऊन पडते. सर्वांत जास्त पैसे याच चुकीत वाया जातात, म्हणून हे थोडे सविस्तर पाहू.

डॉक्टरांच्या कागदावर ६/६० लिहिलेले असते त्याचा अर्थ असा की निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येते, ते या डोळ्याला ६ मीटरवर आल्यावर वाचता येते. खालचा आकडा नळीच्या पटीने भागला की नळीतून साधारण किती दिसेल ते कळते. ६/६० च्या माणसाला चार पटीच्या नळीतून ६/१५ च्या आसपास, ६/३६ च्या माणसाला ६/९ च्या आसपास. प्रत्यक्षात हात हलतो आणि काचेत थोडा प्रकाश जातो, म्हणून थोडे कमीच धरावे.

आता हे वर्गात नेऊन पाहू. गुरुजी फळ्यावर चार सेंटिमीटर उंचीचे अक्षर काढतात असे धरा. निरोगी डोळा ते २७ मीटरवरूनही ओळखेल. ६/६० च्या मुलाला ते पावणेतीन मीटरपर्यंतच ओळखता येईल, तेही डोळे ताणून. मूल पाच मीटरवर बसले असेल तर अक्षर जेमतेम ओळखण्यासाठी त्याला दोन पट पुरे. पण जेमतेम ओळखणे वेगळे आणि तास संपेपर्यंत वाचत राहणे वेगळे. त्यात आपली लिपी जोडाक्षरांची आहे. रेषेवरचा अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, रफार हे सारे मूळ अक्षराच्या मानाने फारच बारीक असते. म्हणून आरामात वाचण्यासाठी ओळखण्याच्या दुप्पट ताकद धरावी. म्हणजे झाली चार पट. आठ पट नव्हे.

जास्त घेतली तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. तीन ठिकाणी बिघडते. पहिले म्हणजे आवाका. चार पटीच्या चांगल्या नळीत साधारण १२ अंशांचा गोल दिसतो, म्हणजे सहा मीटरवरून फळ्याचा सव्वा मीटर भाग एका वेळी. आठ पटीच्या नळीत ७ अंशांच्या आसपास, म्हणजे पाऊण मीटरही नाही. मुलाला एकच ओळ तीन तुकड्यांत वाचावी लागते, आणि पुढची ओळ शोधेपर्यंत गुरुजी फळा पुसून टाकतात. दुसरे म्हणजे हात. नळी जितक्या पटीने अक्षर मोठे करते तितक्याच पटीने हाताची थरथरही मोठी करते. दहा पटीच्या नळीतून पाटी नाचताना दिसते आणि वयस्कर माणसाला तर गरगरते. तिसरे म्हणजे उजेड, आणि इथे दुसरा आकडा कामाला येतो.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. ४×१२ चे उत्तर ३ येते, ६×१६ चे पावणेतीनच्या जवळ, ८×२० चे अडीच. नळीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. दिवसाच्या उजेडात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, त्यामुळे या तिन्ही नळ्या दिवसा उजळ दिसतात. संध्याकाळी बाहुली मोठी होते, पण झोत तेवढाच राहतो, म्हणून चित्र काळवंडते. जो माणूस रात्रपाळीला जातो, वॉचमनचे काम करतो किंवा अंधार पडल्यावर स्टँडवर उभा राहतो, त्याने पुढचे भिंग मोठे असलेली नळी पाहावी. ८×३२ चे उत्तर ४ येते. ती जड असते, खिसा लोंबतो, पण संध्याकाळी तीच उपयोगी पडते.

आता बसचे पाहू. ताशी २० किलोमीटरने स्टॉपकडे येणारी बस एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे येते. ज्याला नुसत्या डोळ्यांनी तिचा क्रमांक पाच मीटरवर कळतो, त्याच्या हातात सेकंदभरही वेळ नसतो. हात दाखवेपर्यंत बस पुढे गेलेली असते. चार पटीने हे अंतर वीस मीटर होते, म्हणजे साडेतीन सेकंद. सहा पटीने तीस मीटर, म्हणजे पाच सेकंदांच्या वर. नळी उचलून, क्रमांक शोधून, वाचून हात करायला एवढा वेळ पुरतो. म्हणून ज्याचे मुख्य काम बस आणि रेल्वेचे आहे त्याला सहा पटीची नळी सोयीची.

माझे मत विचाराल तर शाळकरी मुलाला पहिली दुर्बीण चार पटीचीच द्यावी. मोठ्या माणसाने चार आणि सहा दोन्ही डोळ्याला लावून पाहून ठरवावे. आठ पटीची नळी फक्त फार कमी दिसणाऱ्याने, हात स्थिर असेल तर, आणि लहान नळीवर सराव झाल्यावरच घ्यावी. जे काम करायचे आहे ते ज्या सर्वांत लहान पटीत होते, ती पट आपली.

घरात बसून दूरदर्शन संच किंवा एखादा कार्यक्रम पाहायचा असेल तर नळी धरून हात अवघडतो. त्यासाठी दोन पटीच्या आसपासच्या ताकदीची, चष्म्यासारखी कानावर लावायची दुर्बीण मिळते. गॅलिलिओने १६०९ मध्ये आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीचाच हा साधा प्रकार आहे. पुढे फुगीर भिंग, डोळ्यापाशी खोलगट भिंग. ती हलकी असते, पण ताकद वाढवली की आवाका फार लहान होतो. केप्लरने १६११ मध्ये दोन फुगीर भिंगांची रचना मांडली. तीत आवाका चांगला मिळतो पण चित्र उलटे दिसते, म्हणून आत काचेचे लोलक बसवून ते सरळ करतात. खिशातल्या चार, सहा, आठ पटीच्या चांगल्या नळ्या या दुसऱ्या जातीच्या असतात. लोलकामुळेच त्या महाग पडतात आणि जमिनीवर पडल्या की बिघडतात.

हातात घेऊन काय पाहावे

सर्वांत आधी जवळचा फोकस तपासावा. पक्षी पाहणाऱ्यांसाठी बनवलेल्या पुष्कळ नळ्या दोन-तीन मीटरच्या अलीकडचे स्पष्ट दाखवत नाहीत. अल्पदृष्टीसाठी बनवलेल्या चांगल्या नळ्या हातभर अंतरावरचेही दाखवतात. किराणा दुकानाच्या फळीवरची किंमत, लिफ्टमधली पाटी, कारखान्यातल्या यंत्रावरचा काटा पाहायचा तर हे लागतेच. दुकानात विक्रेत्याला दूरची पाटी दाखवू द्या, आणि मग आपणच हातभर लांब धरलेला कागद नळीतून वाचून पाहा.

फोकसची कडी एका हाताने फिरली पाहिजे. दुसऱ्या हातात पेन असते, पिशवी असते किंवा बसचा दांडा असतो. ती फार ढिलीही नको, नाहीतर खिशातून काढताना दर वेळी फिरलेली असते. डोळ्यापाशी रबराची वाटी असते. चष्मा लावून पाहायचे असेल तर ती दुमडता आली पाहिजे, नाहीतर आवाका आणखी कमी होतो. साधा उणे किंवा अधिक नंबर नळी स्वतःच बऱ्याच प्रमाणात भरून काढते, तेव्हा चष्मा वर सरकवून पाहिले तरी चालते. चष्म्यात मोठा तिरपा नंबर असेल तर मात्र चष्म्यावरूनच पाहावे.

नळीवर लिहिलेली पट खरी आहे का, हे दोन मिनिटांत तपासता येते. समोर फरशीची किंवा विटांची भिंत निवडा. एका डोळ्याने नळीतून आणि दुसऱ्याने उघड्या नजरेने एकाच वेळी पाहा. नळीतली एक वीट नुसत्या डोळ्यांच्या किती विटा झाकते ते मोजा. चार झाकल्या तर चार पट. हे काम घरातल्या चांगली नजर असलेल्या माणसाने करावे. दुसरी पद्धत अशी की नळी उजेडाकडे करून हातभर लांब धरायची. डोळ्यापाशी लावतो त्या भिंगात एक छोटी उजळ चकती दिसते. तिची रुंदी पट्टीने मोजावी आणि पुढच्या भिंगाच्या उघड्या भागाच्या रुंदीला तिने भागावे. उत्तर येईल ती खरी पट.

हे सांगायचे कारण असे की बाजारात आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत ‘४०×६०’ असे छापलेल्या नळ्या काही शे रुपयांत मिळतात. चाळीस पट हातात धरून पाहणे माणसाच्या हाताला शक्यच नाही. वरच्या पद्धतीने मोजले की अशा नळीची पट आठ-दहाच्या घरात निघते. अल्पदृष्टीच्या दवाखान्यांत दिसणाऱ्या जपानी किंवा जर्मन नळ्यांना काही हजार रुपये पडतात. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला ही रक्कम मोठी आहे, हे कबूल. म्हणून तर आकड्याला भुलून स्वस्त नळी घेऊ नये आणि महागडी नळीही न वापरता घेऊ नये. शक्य असेल तर मुलाला त्याच्याच वर्गात, त्याच्याच बाकावर बसवून नळी लावून पाहावी. दुकानातल्या झगमगत्या दिव्याखाली सगळेच छान दिसते.

आणि मोबाईल?

आज पुष्कळ घरांत कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. पाटीचा फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करून वाचायचा, ही युक्ती फुकट आहे आणि चांगलीही आहे. स्थिर पाटी, दवाखान्याच्या वेळा, गाड्यांचे वेळापत्रक यांसाठी ती दुर्बिणीहून सोपी पडते, कारण हात हलत नाही आणि पाहिजे तेवढा वेळ वाचता येते. ज्याचे काम एवढ्यात भागते त्याने पैसे खर्च करू नयेत. पण भर उन्हात मोबाईलचा पडदा दिसत नाही, धावत्या बसपुढे फोटो काढायला सवड मिळत नाही, लांबच्या अक्षराचा फोटो मोठा केला की ते फुटते, आणि पुष्कळ शाळांत व परीक्षेच्या दालनात मोबाईल नेता येत नाही. नळीला चार्जिंग लागत नाही, हीही छोटी गोष्ट नव्हे.

सराव केल्याशिवाय नळी बोलत नाही

नळी मिळाली, डोळ्याला लावली, काहीच दिसले नाही, फेकून दिली, असे पुष्कळदा घडते. सायकल जशी शिकावी लागते तशी ही शिकावी लागते. रोज पंधरा मिनिटे, तीन-चार आठवडे. ज्या डोळ्याने जास्त दिसते त्यालाच नळी लावावी. कोपर छातीला टेकवावे, एक बोट भुवईच्या हाडाला टेकवावे, म्हणजे थरथर कमी होते. आधी नुसत्या डोळ्यांनी वस्तूची दिशा ठरवावी, मान तिकडेच ठेवावी, आणि मग मान न हलवता नळी डोळ्यापाशी आणावी. नळी लावून मग शोधायला लागले की काही सापडत नाही.

सुरुवात घरातच करावी. भिंतीवरचे कॅलेंडर, घड्याळ, दारावरची पाटी. त्यानंतर एखादी रेषा धरून जायचे. विजेच्या खांबापासून तारेवरून पुढच्या खांबापर्यंत नजर न्यायची, किंवा घराच्या भिंतीच्या कडेने. हे जमले की फळ्यावरची ओळ आपोआप धरता येते. शेवटी हलणाऱ्या वस्तू : आधी चालणारा माणूस, मग सायकल, मग बस. बस एकदम धरायला जाऊ नये. पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो, डोके दुखते, तेव्हा घरातल्यांनी सोबत बसावे.

दोन गोष्टी मुलाला पहिल्याच दिवशी बजावून सांगाव्यात. नळीतून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. उरलेली नजरही कायमची जाऊ शकते. आणि नळी डोळ्याला लावून एक पाऊलही चालायचे नाही. नळीत सगळे जवळ दिसते, पायरी आणि खड्डा यांचा अंदाज चुकतो. थांबायचे, पाहायचे, नळी खाली करायची, मग चालायचे.

मुले नळी लपवतात, हेही लक्षात ठेवावे. वर्गात हसतील म्हणून ती दप्तराच्या तळाशी जाते, विशेषतः सहावी-सातवीच्या वयात. यावर एक सोपा उपाय शिक्षकांच्या हातात आहे. पहिल्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला एकदा नळीतून पाहू द्यावे. सर्वांची हौस फिटली की चेष्टेचा जोर ओसरतो. आई-वडिलांनी शाळेत जाऊन हे शिक्षकांना सांगावे. शिक्षकांनीही फळ्यावर लिहिताना तोंडाने वाचावे, काळ्या फळ्यावर पांढराच खडू वापरावा, निळा-लाल नको. एवढ्याने नळीचे निम्मे काम हलके होते.

नळी पावसाळ्यात दमट जागी ठेवू नये. आतल्या काचेला बुरशी धरते आणि ती घरी साफ होत नाही. नव्या चपलांच्या किंवा बॅगेच्या खोक्यात ओल शोषणारी जी छोटी पुडी येते, ती नळीच्या डबीत टाकावी. काच पुसायला धुतलेले मऊ सुती फडके ठेवावे. पदर किंवा शर्टाचे टोक नको, त्यातल्या धुळीने काचेवर ओरखडे पडतात.

पैशाचे आणि हक्काचे

‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. शब्द बदलल्याने फळा दिसू लागत नाही, पण २०१६ च्या कायद्यात कामाच्या तरतुदी आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके आणि योग्य ती साहाय्यक साधने विनामूल्य देण्याची जबाबदारी कायद्याच्या कलम १७ ने शासनावर टाकली आहे. ही मेहेरबानी नाही. सरकारी नोकऱ्यांतल्या दिव्यांगांच्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी आहे, हेही घरातल्या मोठ्या मुलामुलींना माहीत असावे.

दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयातून तपासणी करून घ्यावी आणि दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढावे. शाळेतल्या मुलाचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे द्यावा. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलांना साधने देण्याची सोय आहे आणि त्यासाठी विशेष शिक्षकही असतात. मोठ्या माणसांसाठी १९८१ पासून चालत आलेली केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना आहे. तिला उत्पन्नाची अट आहे. तिच्या शिबिरांत बहुधा काठ्या, तीनचाकी गाड्या आणि कानाची यंत्रे दिसतात, म्हणून अल्पदृष्टीसाठीचे साधन हवे असे स्पष्ट सांगावे लागते. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा पैसा कुठे गेला, असे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

नळी कोणती हे ठरवण्यासाठी मोठ्या नेत्ररुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात ‘लो व्हिजन क्लिनिक’ आहे का, हे विचारावे. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेच्या शाखांकडेही चौकशी करता येते. मराठवाड्यातल्या काही भागांना हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था मुंबईपेक्षा जवळ पडते आणि तिथे अल्पदृष्टीचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना डॉक्टरांचे जुने कागद, सध्याचा चष्मा आणि मुलाची वही बरोबर न्यावी. ‘याला काय दिसत नाही’ यापेक्षा ‘याला काय पाहायचे आहे’ हे सांगावे : फळा, बस, की यंत्राचा काटा. आठ-पंधरा दिवस वापरून पाहायला नळी मिळते का, हे विचारायला लाजू नये.

अर्ज नेहमी लेखी द्यावा. त्यात ‘चष्मा’ असे न लिहिता डॉक्टरांनी सुचवलेली पट आणि भिंगाचा व्यास, म्हणजे ‘४×१२ एकनेत्री दुर्बीण’ असे नेमके लिहावे, नाहीतर हातात वाचायचे साधे भिंग ठेवले जाते आणि काम झाले म्हणून फाईल बंद होते. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी. मंजुरीला महिने लागतात, म्हणून जूनमध्ये शाळा उघडायची वाट न पाहता परीक्षा संपताच अर्ज टाकावा.